कानबाईच्या दिवशी बॅटरीचा डबा

प्रेमराज नानांनी सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात काढली. निवृत्त होऊन अमळनेरजवळच्या आपल्या गावी आले, ते दोन गोष्टी घेऊन: तिथल्या कॉलनीतली शुद्ध मराठी आणि विजेतलं आपल्याला सगळं कळतं हा ठाम समज. गावात कुणाचा पंखा अडला की नाना चष्मा लावून हजर. पंखा फिरो न फिरो, दीपनगरची गोष्ट मात्र पूर्ण ऐकावी लागे.

घरात थोरल्या भावाची बायको, वच्छलावहिनी. भाऊ गेले आणि पुढे वहिनींची फुप्फुसं थकली. त्यांना आता ऑक्सिजनचं मशीन लागे. गावची लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून त्यांच्या मुलाने, समाधानने, पुण्याहून बॅटरीचा एक डबा पाठवला होता, उचलून कुठेही नेता येईल असा. "हा फक्त आईच्या मशीनसाठी, नाना," असं त्याने फोनवर बजावलं होतं.

श्रावणात कानबाई देवी घरी बसवतात, त्या रविवारी सारे भाऊबंद घरी जमले आणि ऐन आरतीला लाइट गेली. झालं, नानांना राहवेना. त्यांनी लांब वायरचा बोर्ड आणला, त्याची पिन डब्यात घातली आणि बोर्डावर वहिनींचं मशीन, देवीपुढची दिव्यांची माळ, गाण्यांचा माईक, सगळं लावून दिलं. मग माईक हातात घेऊन म्हणाले, "दीपनगरचा माणूस घरात असताना कानबाई अंधारात बसणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना फुलून गेले.

आरती संपता संपता लाइट आली. नानांनी मशीन भिंतीला जोडलं. डबा पुन्हा भरायला हवा, म्हणून त्याची चार्जिंगची वायर बोर्डाच्या रिकाम्या जागेत खोचली. डब्यावर चार्जिंगची खूण उमटली. ती पाहून ते निश्चिंत होऊन अंगणात रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, खायला गेले. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला घासही द्यायचा नाही. त्यामुळे शेजारच्या बेबाबाई आत वहिनींजवळ बसून राहिल्या.

जेवणं चालू असताना पुन्हा लाइट गेली. देवीपुढची माळ मात्र लुकलुकत होती, तेव्हा कुणी फारसं घाबरलं नाही. नानांनी हात धुऊन मशीन डब्याला लावलं. जरा वेळ ते चाललं. मग डब्याने शिट्टी मारली आणि मशीन, माळ, माईक सगळं एकदम बंद पडलं.

वहिनींचा श्वास वर वर येऊ लागला. नाना दिसेल ते बटण दाबत होते. दाराशी भाऊबंद गोळा झाले होते आणि सगळे नानांकडे बघत होते. ते बघणं नानांना सोसेना. त्यांनी मागे वळून बेबाबाईंना धारेवर धरलं.

"तुम्ही मोबाईल लावला होता ना इथे? विचारायची काही पद्धत? आजारी माणसाच्या जिवावर उठलात."

एका मोबाईलने एवढा डबा रिकामा होत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"मना मोबाईल घर शे," बेबाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी वहिनींच्या पाठीखाली हात घातला. "त्यास्ले मना घर लई चला. इन्व्हर्टर शे."

वहिनींना खुर्चीसकट उचलून नेलं. मागून नाना मशीन घेऊन गेले. बेबाबाईंच्या घरी मशीन सुरू झालं आणि वहिनींच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

लाइट आल्यावर नाना डबा आणायला घरी आले. देवीपुढे कुणी नव्हतं. डबा उचलायला वाकले आणि त्यांचं लक्ष वायरींकडे गेलं. डब्यातून निघालेली वायर बोर्डात जात होती. बोर्डातून निघालेली वायर डब्यात. त्यांनी बोट फिरवून पुन्हा पाहिलं. डबा त्यांनी डब्यालाच चार्जिंगला लावला होता, आणि माळ नि माईक तेवढा वेळ त्याला पीत बसले होते.

नानांचे कान तापले. आपलीच आपल्याला शिसारी आली. त्यांनी झटकन पिन उपटली. आता कुणाला कळणार नव्हतं. डबाच खराब निघाला म्हणायचं, की मिटलं. असं ठरवूनच ते डबा घेऊन बेबाबाईंच्या घरी गेले.

बेबाबाईंनी त्यांना पाहिलं आणि भिंतीतली आपल्या शिलाई मशीनची पिन काढली. "आठे लावा, भाऊ. पुन्हा लाइट गयी ते?"

पिन हातात धरून नाना तसेच उभे राहिले. ती जागा बेबाबाईंनी त्यांच्यासाठी रिकामी केली होती. मग खाली मान घालून ते पुटपुटले, "बेबाबाई, मोबाईल नव्हता. मीच डबा त्याच्याच बोर्डाला लावला होता. माफ करा."

वहिनींनी नाकातली नळी बाजूला केली. दोनदा श्वास घेतला, तेव्हा कुठे आवाज फुटला.

"आठे नका सांगू, भाऊ. तठे सांगा. बठ्ठास्ना समोर."

नानांनी डबा भिंतीला लावला आणि सगळ्यांसमोर सांगायला परत निघाले. अंगणात पंगत पुन्हा बसली होती. नानांनी बोर्डाची पिन भिंतीत घातली आणि माईक उचलला. तोंडाशी आलेली कॉलनीची मराठी घशातच राहिली.

"बेबाबाईनी चूक नई शे," ते म्हणाले. "चूक मनी शे."