डोमा गुहेपर्यंत पोहोचला होता

मित्रांनो, वरठीला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भैय्यालालचं सायकलचं दुकान आहे. तिथला जुना व्हिडिओ गेम म्हणजे मी. पोरांना बिघडवणारा डबा म्हणून गावभर ज्याची बदनामी झाली, तोच. बदनामी करणारे खूप बोलले. आज मी बोलतो.

माझं लाकडी अंग नागपूरच्या एका सुताराने घडवलं. पोटात जुना टीव्ही, त्याखाली परदेशातून फिरत आलेलं सर्किट, समोर एक हँडल आणि दोन लाल बटणं. शहाऐंशी साली दिवाळीच्या सुमारास भैय्यालालने मला टेम्पोतून आणलं आणि टायरांच्या ढिगाशेजारी उभं केलं.

माझ्या पडद्यावर एक माणूस मशाल घेऊन डोंगर चढायचा. वरून दगड गडगडत यायचे, पुलाच्या फळ्या पायाखालून निसटायच्या, अस्वल वाट अडवायचं. शेवटी धबधब्यामागची गुहा गाठायची; तिचं चित्र खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर यायचं. पडद्यावरचं इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, म्हणून पोरांनी त्या माणसाचं नाव डोमा ठेवलं. डोमाची बहीण गुहेत अडकली आहे, हेही त्यांनीच ठरवलं. मला घडवणाऱ्यालाही ही गोष्ट माहीत नसेल, पण मला ती फार आवडली.

सगळ्यांत सुरेख खेळायची वच्छला. ती नववीत होती. तिचे वडील सेवकराम पोलादाच्या कारखान्यात कामाला जात, म्हणून त्यांची सायकल दुरुस्तीला तीच आणायची. दुरुस्ती होईपर्यंत ती माझ्यासमोर. बाकीची पोरं बटणं बडवायची. तिचा हात हलका होता. ती पुलावर आली की मागे उभी असलेली सगळी पोरं श्वास रोखून धरायची. डोमा पडला तर ती म्हणायची, "चुकलं माहंच. मीच त्याले घाई केली." बाकीचे हरले की मला लाथ घालायचे.

मग किराणा दुकानदार गोपीचंद यांचा मुलगा सहामाहीत नापास झाला. तोही रोज खेळायचा, पण दोष कोणाला लागला? मला. आणि माझ्याहून जास्त वच्छलाला. पोरीची जात असून पोरांच्या घोळक्यात उभी राहते, असं गोपीचंद चार लोकांत बोलत सुटले. एका रविवारी ते सेवकरामला घेऊनच दुकानात आले. वच्छला तेव्हा खेळत होती आणि पूल मागे पडला होता.

"पाहा सेवकराम, पोरगी कशी बिघडून राहिली तुही," गोपीचंद म्हणाले.

"वच्छला, चाल घरी," सेवकराम म्हणाला.

"बाबा, थोडं थांबा नं. धबधबा जवळ आला." तिने मान वळवली नाही.

सेवकरामने रागानेच पडद्याकडे पाहिलं. पण पाहतच राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हे अस्वल काहून थांबलं?"

"अंधारात त्याले दिसत नाही, बाबा. मी डोमाची मशाल विझवली."

"मंग जाऊ दे डोमाले पुढं," सेवकराम हळूच म्हणाला.

डोमा पुढे गेला. पाणी दुभंगलं. गुहेचं काळं तोंड दिसलं. वरठीत कोणीही तोवर तिथवर पोहोचलं नव्हतं. आणि त्याच क्षणी गोपीचंद यांनी माझा प्लग उपटला.

पडद्यावर पांढरा ठिपका उरला, तोही विझला. वच्छलाचा हात तसाच हँडलवर होता. मित्रांनो, मी लाथा खाल्ल्या, सांडलेला चहा सोसला. पण त्या दिवसाचा राग अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही.

"गोपीचंदभाऊ, काहून काढलं?" सेवकरामने विचारलं.

"अरे, खेळच तं होता तो."

"तुमचं पोरगंबी खेळच खेळत होतं. त्याच्या वेळेस कायले नाही काढलं?"

गोपीचंद काहीतरी पुटपुटत निघून गेले. सेवकरामने स्वतः प्लग लावला. पण वीज तुटली की माझा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. वच्छलाने पुन्हा हँडल धरलं. डोमा पहिल्याच दगडाखाली गेला. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. दोघं सायकल घेऊन निघून गेले.

पुढच्या आठवड्यात भैय्यालालने गावच्या दबावाखाली माझ्या अंगावर खडूने लिहिलं, 'मुलींनी खेळू नये.' माझ्या अंगावर, मला न विचारता. वच्छला गेली तशी मागे उभं राहून पाहण्यातली मजाही गेली. पोरं कमी झाली. भैय्यालालने माझा टीव्ही आणि सर्किट विकून टाकलं आणि मला परसात ढकललं. आता माझ्या पोटात त्याच्या घरच्या कोंबड्या बसतात.

परवा वच्छला आली होती. भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. मला पाहून ती थबकली.

"काका, याच्यातला डोमा कुठं गेला?"

"विकला, बाई. कोणी खेळतच नव्हतं," भैय्यालाल म्हणाला.

"मले खेळू देलं असतं तं मी खेळली असती."

भैय्यालाल सायकलीची चेन पुसत राहिला.

मित्रांनो, खेळाची वस्तू पुसा, झाकून ठेवा, बिघडली तर नीट करा. एवढं तर सगळेच सांगतात. माझं मागणं निराळं आहे. एखादं मूल जीव लावून खेळत असेल, तर सेवकरामसारखं शेजारी उभं राहून आधी पाहा. नाहीच पाहवलं, तर घरी जा. प्लगला हात लावू नका.