खेरसोननंतरचा मंगळवार

"घेतलं! खेरसोन परत घेतलं त्यांनी!" टीव्हीचा आवाज वाढवत श्रीरंग ओरडला. पडद्यावर युक्रेनचे लोक आपल्या सैनिकांच्या गळ्यात पडून रडत होते. पाठोपाठ दोस्तराष्ट्रांचे नेते अभिनंदन करू लागले, आणखी मदतीचा शब्द देऊ लागले.

नंदा सोफ्याच्या कडेवर बसली होती. त्यांचा मुलगा वीर अमेरिकन सैन्यात होता आणि उन्हाळ्यापासून त्याची तुकडी पोलंडमध्ये होती, युक्रेनला लागून.

"अगं, खूश हो ना! आपली साइड जिंकतेय."

"हरलेला गप्प बसतो का रे? तो आता चवताळेल. आणि आपला पोरगा तिथे दाराशी बसलाय."

"पोलंडला कोण हात लावतंय? उगाच पॅनिक होऊ नकोस."

शनिवार-रविवारी अमेरिकेतल्या त्यांच्या गावातून, अ‍ॅशबर्नमधून, ओळखीच्यांचे फोन आले. "काकू, काँग्रॅट्स! वीरला सांगा, वी आर प्राउड." ती थँक्यू म्हणायची आणि पुन्हा पोलंडच्या बातम्या शोधायची.

मंगळवारी दुपारी ती डायलिसिस सेंटरमध्ये ड्यूटीवर होती. पेशंटसमोरच्या टीव्हीवर बातमी झळकली: पोलंडच्या हद्दीत क्षेपणास्त्र पडलं, दोन ठार. नंदाच्या हातात सुई होती. तिने ती खाली ठेवली, दुसऱ्या नर्सला हाक मारली आणि पार्किंगमध्ये आली. वीरचा फोन लागेना. श्रीरंगचा आला.

"सैनिक नाहीत गं, गावातली माणसं होती," तो म्हणाला, पण त्याची जीभ अडखळत होती. "आपलं सरकार म्हणतंय, आधी चौकशी करू. उलट हल्ल्याची घाई नाही करणार."

"आणि केली तर?"

"मीही लावून बघतो त्याला," म्हणत त्याने फोन ठेवला.

बऱ्याच वेळाने वीरचा फोन आला. लहानपणापासून तो तिला इंग्रजीतच उत्तरं द्यायचा.

"आई," तो म्हणाला. मग हळूच, मराठीत, "आई, भीती वाटते."

ती गाडीला टेकली. "मी आहे, बाळा."

"बोल ना काहीतरी. वॉरचं नको."

नंदा बोलू लागली. मेपलची पानं बाबांनी अजून उचललेली नाहीत, शेजारचं कुत्रं त्यांत लोळतं, उसळीसाठी वाल भिजत घातलेत... पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने हात कोटाच्या खिशात खुपसला आणि मोड आलेले वाल कसे सोलायचे, ते अगदी सावकाश सांगू लागली.