झोतातली प्रदक्षिणा

मठाच्या गच्चीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. रात्रीच्या आकाशात सोडलेल्या दिव्याच्या प्रचंड झोतात शेकडो पक्षी चिरकत गरगर फिरत होते. झोताबाहेर मात्र एकही जात नव्हता.

“हे नुसते पक्षी नव्हेत,” दीपमहाराज सांगत होते. “तुमची गेलेली माणसं आहेत. माझ्या मंत्रानं थांबलीत.”

पहिल्याच रांगेत एक म्हातारी आई खोकत बसली होती. ती उठली तर तिचे वारलेले यजमानही कायमचे जातील, असं महाराजांनी तिला बजावलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तिच्या मुलीनं औषध आणलं, विनवण्या केल्या, रुसूनही पाहिलं. आई जागची हलेना. वर पक्षी अडकलेले, खाली आई.

शेवटी मुलगी उभी राहिली. “महाराज, मंत्रानं थांबलेत, मग दिवा कशाला?”

“मास्तरीणबाई, अंधारात दिसतील कसे?” महाराज म्हणाले, तशी गर्दी हसली.

“नाही दिसले तरी चालेल. पुन्हा दिवा लावल्यावर इथेच असले म्हणजे झालं.”

महाराजांचं हसू आटलं. असली परीक्षा घेतली तर कोप होतो, असं काहीबाही ते सांगू लागले. लोकही मुलीला खाली बसवू लागले. तेवढ्यात एक पक्षी आईच्या शालीवर येऊन पडला. चोच वासलेली, छाती धडधडणारी. आईनं त्याला ओंजळीत घेतलं.

“दमलाय हा,” ती म्हणाली. “दिवा बंद करा.”

“माई, यजमान जातील तुमचे.”

“जाऊ देत. जन्मात कधी कुणाच्या दारात ताटकळले नाहीत ते. आता मी असं फिरवत ठेवू त्यांना?”

पक्षी एका हातानं छातीशी धरून आईनंच जाऊन बटण दाबलं.

अंधारात चिरकणं विरळ होत गेलं आणि थांबलं. मुलीनं दिवा पुन्हा लावला. झोत रिकामा होता. महाराज जोरजोरात मंत्र म्हणत होते, पण एक पीसही फिरकलं नाही.

दिवा बंद करून मुलीनं समजावलं. हे रात्री लांबचा प्रवास करणारे पक्षी. ताऱ्यांवरून वाट ओळखतात. एवढ्या उजेडात तारे बुडतात, पक्षी भांबावतात आणि थकून पडेपर्यंत घिरट्या घालत राहतात.

डोळे अंधाराला सरावले, तशा चांदण्या उमटू लागल्या. गर्दीतल्या कित्येकांनी त्या वर्षानुवर्षं पाहिल्या नव्हत्या. आईच्या ओंजळीतला पक्षी जरा सावरला आणि उडाला. ती बराच वेळ वर पाहत राहिली.

“चल,” ती मुलीला म्हणाली. “भूक लागलीय मला.”

चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढं तरी करावं. तो कुठल्या उजेडात दाखवला जातोय ते पाहावं, आणि तो उजेड एकदा घालवून बघावा.