हरकतीचे शुल्क

समितीला मी का हवा होतो, हे मला अजून नीट कळलेले नाही. सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रिते तपासली, दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या, स्वतःचे असे एक वाक्य कधी लिहिले नाही. पण अहवालाची भाषा शुद्ध असावी असे कुणाच्या तरी मनात आले आणि निवृत्तांच्या यादीतून मला बोलावणे आले. यादीत माझ्या वरचा माणूस बहुधा आजारी असावा.

एकाचे नाणे आणि एकाची नोट चलनातून काढावी की नाही, हे समितीने ठरवायचे होते. म्हणजे कागदावर. खरे तर सगळे पहिल्या बैठकीआधीच ठरले होते, त्याला फक्त शब्दांचे कपडे चढवायचे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, डावीकडे बँकेचे एक अधिकारी. दुसऱ्या टोकाला, दारातून येणाऱ्या वाऱ्यात, कागद हाताने दाबून धरलेला मी.

"नाण्याची किंमत एक आणि पाडायला खर्च दीड," प्राध्यापक म्हणाले. "नाकापेक्षा मोती जड."

"आणि ती नोट!" अध्यक्षांनी बोटे झटकली. "घामट, चिकटपट्टी लावलेली. शी! मी तर कित्येक वर्षांत हातात धरलेली नाही."

मग बोटे कशाची झटकता, असे माझ्या मनात आले आणि मनातच राहिले. माझी निम्मी हुशारी मनातच राहते, उरलेली घरी पोचल्यावर सुचते.

प्राध्यापकांनी एक प्रयोगही केला होता. कॉलेजच्या फाटकाबाहेर एकाची दहा नाणी टाकून ते चार तास समोरच्या खिडकीत बसले. एकही विद्यार्थी वाकला नाही.

"दहाही परत मिळाली?" बँकेच्या अधिकाऱ्यांनी विचारले. तीन बैठकांतले ते त्यांचे पहिले वाक्य.

"सात."

"मग तीन?"

"म्हातारी माणसं होती," प्राध्यापक म्हणाले. "ती नमुन्यात धरलेली नव्हती."

हे वाक्य मी अहवालात शुद्ध करून घेतले. काना-मात्रेची चूक नव्हती.

आता सांगितलेच पाहिजे, तेव्हा समितीला सांगितले नव्हते. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, माझी धाकटी बहीण वजनाचे यंत्र चालवते. माणसाएवढे उंच, लोखंडी, वर काचेचे गोल तोंड. नाणे टाकले की आत चाक फिरते आणि वजन छापलेले तिकीट खाली पडते. यंत्र तिच्या नवऱ्याने घेतले होते. तो गेल्यावर तीच शेजारी स्टूल टाकून बसते. येणारे-जाणारे तिला काटेवाली मावशी म्हणतात. अध्यक्ष रोज तिच्या समोरून जिना चढत. ती त्यांच्याही नमुन्यात नसावी.

यंत्राला एकाचेच नाणे चालते. दुसरे त्याच्या तोंडात जातच नाही. मेकॅनिकला विचारले तर तो म्हणाला, तोंड बदलायचे तर पोटही बदलावे लागेल, त्यापेक्षा नवे घ्या. शिवाय एका वजनाला पाच कोण देणार? यंत्र बंद पडले तर तिच्या खोलीचे भाडे थकणार, आणि खोली गेली की बहिणीला आमच्या घरी यावे लागणार. आमच्या घरी म्हणजे मुलगा, सून, दोन खोल्या आणि पुस्तकांच्या कपाटामागे माझी खाट.

"दादा, तुझी सून वाईट नाही," बहीण म्हणायची. "पण पाहुणी म्हणून चार दिवस मी गोड. पाचव्या दिवसापासून माझ्या चहात साखर किती, ते ती ठरवणार. वर जाऊन बोल ना जरा. का तिथं मिठाची गुळणी धरून बसतोस?"

"मी भाषेपुरता आहे गं."

"मग भाषा वापर की!"

नियमाप्रमाणे हरकती मागवल्या गेल्या, मुदत तीस दिवस, तेव्हा मला हायसे वाटले. माझ्या तोंडाचे काम आता कागद करणार होता. बहिणीसाठी मी हरकतीचे सात मसुदे केले. तिने सातही वाचले, "यात मी कुठाय?" म्हणाली आणि स्वतः चार ओळी खरडल्या. तो अर्ज घेऊन आम्ही पहिल्या मजल्यावरच्या रोखपालाच्या खिडकीशी गेलो. ती पुढे, मी मागे.

"हरकतीचं शुल्क तीन," रोखपाल म्हणाला.

तिने एकाची तीन नाणी सरकवली. त्याने ती पेनाच्या टोकाने परत ढकलली.

"एकाची नाणी घेणं थांबवलंय. विषय विचाराधीन आहे."

"अहो, त्याच विषयावर तर हरकत आहे माझी."

"असेल. नियम तो नियम."

"बरं, या घ्या नोटा. एकाच्या तीन."

"त्याही विचाराधीन."

तिने पाचाचे नाणे ठेवले. "दोन परत द्या."

"दोन कशात देऊ? दोनाचं नाणं नसतं, आणि एकाची देणंही थांबवलंय."

"राहू द्या तुम्हाला. चहा प्या."

रोखपाल दुखावला. "मावशी, पावती तिनाची आणि गल्ल्यात पाच? हिशेब कोण देणार, तुम्ही?"

"मग माणसानं तीन द्यायचे कसे?"

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिले. "सुट्टे आणा," तो म्हणाला.

परत जिना उतरताना बहीण म्हणाली, "दादा, हा लबाड असता तर मी भांडले असते. हा तर प्रामाणिक निघाला!"

आम्ही चार वेळा गेलो. रांगेत आणखी माणसे असत. एक चाव्या बनवणारा होता, एक शिवणकाम करणारी. सगळे हातात नाणी घेऊन येत आणि नाणी घेऊन परत जात. तीस दिवस संपले.

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी मला मजकूर सांगितला. "लिहा. जनतेकडून एकही हरकत आली नाही, यावरून निर्णयाचं सार्वत्रिक स्वागत दिसून येतं."

माझे पेन थांबले. मी उभा राहिलो, कागद वाऱ्याने उडाले, ते गोळा करायला वाकलो आणि निम्मे टेबलाखालूनच बोललो. खिडकी, तीन नाणी, परत ढकलणारे पेन, रांग. वजनाचे यंत्र चालवणारी माझी बहीण आहे, हेही बोललो. कधी नव्हे इतके बोललो, पण कसे, ते मला आठवायचेसुद्धा नाही.

बँकेच्या अधिकाऱ्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. मला वाटले, जमले.

"म्हणजे," प्राध्यापक सावकाश म्हणाले, "आपल्या स्वतःच्या कार्यालयातसुद्धा या नाण्यानं साधा तिनाचा व्यवहार होऊ शकला नाही?"

"कमाल आहे!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "याहून मोठा पुरावा कुठला? काका, हे सविस्तर घाला. परिशिष्टात नको, पहिल्या प्रकरणात."

मी ते सविस्तर घातले. छान भाषेत. याबद्दल मला दुसरे कुणी काही म्हणायची गरज नाही. मी रोज म्हणतो.

महिनाअखेरीला नाणे आणि नोट दोन्ही बंद होणार, असे जाहीर झाले. त्या रात्री मी कपाट हातभर पुढे ओढले आणि मागे आणखी एक खाट बसते का, ते पाहिले. बसत होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मानधन घ्यायला रोखपालाकडे गेलो. त्याने खिडकीखालून दोन जड कापडी पिशव्या वर घेतल्या. सगळी एकाची नाणी.

"घेणं थांबवलं होतं ना?" मी विचारले.

"घेणं थांबवलंय. देणं आजपासून सुरू झालं. आज गल्ला रिकामा करायचा आदेश आहे."

"आणि बँकेत बदलून कधीपर्यंत मिळणार?"

"आज तीनपर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. मी सही केली. भांडायला हवे होते, हे मला पहिल्या पायरीवरच सुचले. माझ्या मानाने लवकरच.

पिशव्या ओढत खाली आलो. बहिणीने आत हात घातला, मूठभर नाणी वर काढली आणि त्यातले एक यंत्राच्या तोंडाशी धरून पाहिले.

"दादा, यंत्राला कुणी सांगितलंय का, की नाणं बंद झालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला काय कळतंय! गिऱ्हाइकाला सांगायचं, पाचाचं नाणं माझ्या हातात द्या, ही पाच घेऊन जा. आज एकदा वजन करा, उरलेली चार खिशात ठेवा, पुढच्या आठवड्यात या. नाणी माझ्याच यंत्रात येतात, संध्याकाळी कुलूप काढलं की पुन्हा माझी."

आणि तसेच झाले. पाचात पाच वजने हा सौदा लोकांना पटला. दवाखान्यातून आलेले, बारीक व्हायला निघालेले, तान्ह्या मुलाला घेऊन येणाऱ्या आया, सगळे खिशात तिची नाणी बाळगू लागले. पंधरा दिवसांत शेजारचा चहावाला सुट्ट्यांऐवजी तीच देऊ-घेऊ लागला. चाव्यावालाही. तीन माणसांच्या समितीने सहा महिने बसून जे मारले, ते एका बाईने जिन्याखाली स्टुलावर बसून जिवंत ठेवले. आणि त्यात माझा वाटा काय, तर दोन पिशव्या वाहून आणल्या.

"खोली सोडत नाही मी," तिने मला सांगितले. "सुनेला सांग, साखर वाचली."

"बरं झालं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेपुढे माझे काही टिकत नाही, लहानपणापासून.

"कपाट पुढं ओढलंस म्हणे. सून सांगत होती."

मी चष्मा पुसला. इतके महिने वरच्या खोलीत मी गप्प बसलो तो भित्रेपणाने, अशी माझी समजूत होती, आणि भित्रेपणाची मला सवय आहे. पण खाट बसते का ते पाहताना मला वाईट वाटले नव्हते. संध्याकाळी वाचून दाखवायला कुणीतरी असेल, असे वाटले होते.

"अरे," ती म्हणाली, "सोबत हवी होती तर सरळ सांगायचं. त्यासाठी देशाचं नाणं बंद करायला निघालास?"