नुबियाबाईंच्या नावाची टाचणी

उबाल्दिनानं ती डबी तीन दिवस कपाटात दडवून ठेवली. चौथ्या दिवशी तिला राहवेना.

मेदेयीन शहराच्या संग्रहालयात टाचणी नावाच्या किड्यांची कपाटं सांभाळायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती. चतुराहून बारीक, बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेणारे हे किडे ओळखायला तिला एवेलिओ सरांनीच शिकवलं. सरांनी तीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या ओढ्यावर सापडलेल्या एकुलत्या एका तपकिरी मादीवरून नवी जात जाहीर केली होती आणि तिला बायकोचं नाव दिलं होतं.

आता त्याच ओढ्यावर उबाल्दिनाला तशीच मादी सापडली होती, पण मीलनाच्या वेळी एका निळ्या नराच्या पकडीत. आणि त्या निळ्याला तर शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं; त्याची मादी मात्र कुणाला माहीत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती डबी घेऊन सरांकडे गेली आणि तिनं हे सांगून टाकलं.

"चुकून धरली असेल," सर म्हणाले. "नर आंधळे असतात, दिसेल तिला धरतात."

"ते माहीत आहे, सर. म्हणून तर तिची अंडी घरी वाढवली. आठ महिने डासांच्या अळ्या चारल्या." तिनं डबी उघडली. "एकाच आईची पोरं. नर सगळे निळे, माद्या सगळ्या तपकिरी."

सरांनी एकेक किडा भिंगाखाली घेतला. पंखांच्या शिरा पाहिल्या, नरांच्या शेपटीचे चिमटे पाहिले. जेवण गार झालं.

"जात एकच," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे जुनं नाव राहणार. नियमच आहे." मग हळूच, "नुबियाला तू सांगशील?"

"मी? बायको तुमची, सर!"

संध्याकाळी दोघं मिळूनच गेले. नुबियाबाई मक्याच्या जाड भाकऱ्या, अरेपा, भाजत होत्या. सरांनी अडखळत सगळं सांगितलं. उबाल्दिना खाली मान घालून उभी.

"तेव्हा पुन्हा ओढ्यावर जाऊन नर का नाही शोधलास?" बाईंनी विचारलं.

"घाई झाली गं. तुझ्या वाढदिवसाआधी छापून यायला हवं होतं."

बाई खो खो हसत सुटल्या. "अरे वेड्या, त्यापेक्षा चपला आणल्या असत्यास!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला आणि उबाल्दिनाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं, बस. आठ महिने एकटीनं हे पोटात ठेवलंस?"

तेव्हा मात्र उबाल्दिनाला रडू आवरलं नाही.

पुढच्या वर्षी लेख छापून आला. बाईंचं नाव रद्द होऊन जुन्या नावाखाली, बारीक अक्षरांत गेलं होतं. लेखकांच्या यादीत सरांनी उबाल्दिनाचं नाव पहिलं घातलं होतं.