ज्वालामुखी पाहून आलेले बाबा

आमोदने चादरीचं टोक खिळ्याला बांधलं, प्रोजेक्टर सुरू केला आणि हॉलमधला दिवा मालवला. अमेरिकेहून आलेल्या माणसाने सोसायटीला फोटो दाखवायचे, ही इथली पद्धत. दाखवले तर फुशारकी, न दाखवले तर शिष्टपणा. पण आज जमलेली मंडळी आमोदसाठी नाही, बाबांसाठी आली होती.

बाबा, म्हणजे यज्ञेश्वरराव, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. पुण्याच्या पायाखालचा काळा दगड लाव्हाचा आहे, हे सांगून सांगून त्यांनी निम्म्या पेठेला कंटाळा आणला होता. खराखुरा ज्वालामुखी मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुलाचं प्रोजेक्ट पोर्टलंडला लागलं, तिथून सेंट हेलेन्सचा डोंगर जवळ, म्हणून तर ते गुडघ्याला पट्टा बांधून विमानात बसले.

आणि तिथे एका शनिवारी आमोद त्यांना घरी ठेवून ऑफिसच्या मित्रांबरोबर डोंगरावर गेला.

"बाबा, चढ फार आहे. पुढच्या आठवड्यात तुम्हाला निवांत नेतो," असं तो म्हणाला होता. खरं कारण वेगळं होतं. बाबा वाटभर शिकवत बसतील आणि मित्र हसतील, याची त्याला लाज वाटली होती. टोपी घालून तयार झालेले बाबा 'बरं' म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून ठेवली. पुढचा आठवडा कामात गेला, त्याच्या पुढचाही, आणि मग परतीची तारीख आली. पुण्यात आल्यावर बाबांनी सगळ्यांना सांगितलं, पाहून आलो.

चादरीवर राखाडी उतार उमटला.

"ऐंशी साली हा फुटला," बाबा खुर्चीतून सांगू लागले. "झाडं बघा, सगळी एकाच दिशेला आडवी. तो स्फोटाचा झोत. आणि ही जांभळी फुलं. राखेत आधी हीच उगवली. मुळांशी नत्र धरतात, मागून येणाऱ्यांची सोय करतात."

फोटो आमोदने काढले होते. त्यांत काय आहे, ते त्याला आत्ता कळत होतं.

पुढच्या फोटोत गाडीला टेकून उभे असलेले मित्र आले.

"यज्ञेश्वरराव, तुम्ही एकाही फोटोत नाही," शेजारचे अनंतराव म्हणाले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही आणि सुटलंच, तर ते परत येऊन विचारून जातात.

 आई कपबशा गोळा करायला उठली. तिलाही सगळं ठाऊक होतं.

"फोटो काढणारा फोटोत कसा येईल, अनंतराव?" बाबा म्हणाले.

लोक हसले. या वयात हात किती स्थिर आहे म्हणून कुणीतरी कौतुक केलं. बाबांनी ते मान लववून घेतलं.  खरं काय ते आत्ताच सांगून टाकावं असं आमोदला फार वाटलं, आणि त्याने पुढचा फोटो लावला. जवळून घेतलेली राख होती.

"हाताला कशी लागते हो ही?" अनंतरावांनी विचारलं. "आपल्या रांगोळीसारखी?"

 पाहून आलो हे सांगणं बाबांना जमलं होतं, पण दगडमातीबद्दल चुकीचं सांगणं जमेना. ते मुलाकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"कशी लागते रे?"

 अनंतरावांनी बाबांकडे पाहिलं, आमोदकडे पाहिलं आणि चक्क काही विचारलं नाही.

 तिथे दिवसभर आमोदच्या डोळ्याला कॅमेरा होता. राखेला त्याने हात लावलाच नव्हता.