चारशे बारा कोरे कागद

सोमवारी सकाळी चार रंगांच्या छपाई यंत्राशेजारी वाया गेलेले चारशे बारा कागद होते. मी ते दोनदा मोजले. एका कागदाचं वजन सदतीस पूर्णांक तीन दशांश ग्रॅम, म्हणजे एकूण पंधरा किलोंच्या वर. पुस्तकाचं एकही पान अजून छापून निघालं नव्हतं. एवढा कागद नुसता रंग जुळवण्यात गेला होता.

छापखाना माझ्या मामाचा. शाळेची पुस्तकं छापून घेणाऱ्या संस्थेने त्याला बजावलं होतं, कार्बन कमी करून दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. मी रसायनशास्त्र शिकलेली घरचीच भाची, त्यामुळे मोजणी माझ्या गळ्यात पडली. मामाने आधीच दिवे बदलले होते, पंख्यांखाली ‘गरज नसेल तर बंद करा’ अशा पाट्या लावल्या होत्या आणि दारात चार कुंड्या मांडल्या होत्या. माझ्या मोजणीत दिवे-पंखे मिळून शंभरातले दोनही भरत नव्हते. एकटा कागद सत्तरच्या वर होता.

“मग अहवालात कारण लिही, मशीनमनचा निष्काळजीपणा,” मामा म्हणाला. “सहा महिन्यांत वेस्टेज दहापट झालंय. म्हाताऱ्याचा हात थरथरतो आता. शनिवारी त्याला घरी बसवतोय.”

म्हातारा म्हणजे शाईकाका. एकतीस वर्षं याच यंत्रावर.

“आधी मी बघते,” मी म्हटलं.

“बघायचं काय त्यात? आकडे तूच काढलेस ना?”

“आकडे मी काढलेत. कारण तू काढलंयस.”

मी काकांशेजारी जाऊन उभी राहिले. “काका, रंग जुळायला एवढे कागद लागतात?”

“फेऱ्या तर तेवढ्या लागणारच, ताई. यंत्रातली शाई आणि पाणी म्हणजे नवं जोडपं. आधी तीनशे-चारशे कागद भांडणार, मग संसाराला लागणार.”

“आणि पूर्वी?”

“पूर्वी आधीच्या कामाचा खराब कागदच पुन्हा घालायचो. हत्तीवर नकाशा, नकाशावर बेडूक. त्यांना भांडायला कोरा कागद कशाला हवा? शेवटचे तीस-चाळीस तेवढे कोरे, रंग खरा दिसावा म्हणून.”

“मग बंद का केलंत?”

काकांनी शाईचं बोट भिंतीकडे केलं. तिथेही पाटी होती: ‘यंत्रावर फक्त कोरा कागद वापरावा. खराब कागद रोज रद्दीत द्यावा.’

“संस्थेची माणसं पाहणीला आली, त्या गिचमिड ढिगाला त्यांनी नाकं मुरडली. दुसऱ्या दिवशी ही पाटी. मी मालकांना सांगायला गेलो, तर म्हणाले, आधी स्वच्छता शिका.”

माझं डोकं फिरलं. वापरता येणारा कागद डोळ्यांना बरा दिसत नाही म्हणून हाकलायचा, त्याच्या जागी कोरा नासायचा आणि खापर फोडायचं काकांच्या हातावर. तेही माझ्या सहीने! मी तडक मामाच्या खोलीत गेले.

“आवाज कमी कर, हे ऑफिस आहे,” मामा म्हणाला.

“ऑफिस आहे म्हणून तुझ्याशीच बोलतेय. घर असतं तर आईला सांगितलं असतं.”

“लोकांपुढे तो उकिरडा मांडून ठेवू का?”

“ठेव. वर पाटी लाव, तुला हौस आहेच. सहा महिने पंधरा-पंधरा किलो कोरा कागद फेकलास आणि दारात कुंड्या मांडल्यास!”

“आणि त्याचा हात?”

“समोर उभा राहून बघ. नाही जमलं त्यांना, तर तुझं वाक्य मी जसंच्या तसं लिहीन.”

शुक्रवारी काम सोमवारचंच होतं, तेच चित्र, तेच चार रंग. काकांनी चार दिवसांत रद्दीत न दिलेल्या खराब कागदांचा ढीग यंत्राला लावला. बेडकांवर नदी उमटू लागली, आधी फिकट, मग डागाळलेली, मग नीट. काका भिंगातून बघत, शाईची एखादी किल्ली केसभर फिरवत. मामा अगदी जवळ येऊन त्यांच्या बोटांकडे बघत होता.

“मालक, उजेड सोडा जरा,” काका म्हणाले.

मामा बाजूला सरकला. मग कोरे कागद लागले. थोड्या वेळाने काकांनी मान हलवली आणि पुस्तकाची पानं छापून निघू लागली.

वाया गेलेले कोरे कागद मी मोजले नाहीत. मामाने मोजले, बोट ओलं करून, दोनदा. मग माझं पेन मागून घेतलं, अहवाल पुढे ओढला आणि कारणाच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं, ‘मालकाची पाटी’. त्याखालची ओळ मी भरली.

वाया गेलेले कोरे कागद: सदतीस. वजन: एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम.